ओटी कुणाच्या हातची

गो, ऐक. तुझ्याशिवाय पहिला आठ मार्च झाला. कसा झाला ते तुला सांगायचं आहे, आणि सांगायला घरात तू नायस, म्हणून ही वही काढली. चौथी सोडल्यापासून मी एवढं कधी लिहिलं नाय. सोसायटीच्या कागदावर सही, पोरीच्या लग्नात पत्रिकांवर नावं, बास. अक्षर बघून तू हसली असतीस. हस.

लोक येतात, पडवीत बसतात, म्हणतात चांगलं मरण आलं. बाया म्हणतात, भाग्याची होती, नवऱ्याच्या आधी गेली, कुंकू घेऊन गेली. मी मान हलवतो. मनात मात्र सारखं येतं, आता ही आतून येईल आणि म्हणेल, "म्हणजे मी मेले त्यात पण यांचंच कौतुक? हे जिवंत राह्यले हा माझा गुण?" तू हे बोललीच असतीस. दुसऱ्याच्या मयताहून येताना बोललेली आहेस. शेणव्याहून येताना, जीपमध्ये, सगळ्यांच्या देखत. मी तुला कोपर मारलं होतं. आता ते कोपर मारल्याचं दुखतं.

तुझी जागा घरात कुठंच रिकामी होत नाय. चहा अजून एक कप जास्तच टाकतो. तू चहा पिताना बशीत फुंकर घालायचीस, त्याचा मला राग यायचा. किती वेळा बोललो, "काय तो आवाज." आता सकाळी घर एवढं गप्प असतं की मीच बशीत ओतून फुंकतो. तसा आवाज येत नाय.

आठ मार्च आपल्या गावात आला तो दिवस मला आठवतो. तालुक्याहून एक बाई आल्या होत्या, शाळेच्या व्हरांड्यात सभा घेतली. परदेशात कारखान्यांत राबणाऱ्या बाया कशा रस्त्यावर आल्या, कामाचे तास कमी करा, मजुरी नीट द्या, मत देऊ द्या म्हणून कशा उभ्या राह्यल्या, ते त्यांनी सांगितलं. तू ते ऐकून घरी आलीस ती हंडा डोक्यावर तसाच ठेवून मला सांगायला लागलीस. मी विळ्याला धार लावत होतो. मी म्हणालो, "म्हणजे बायांचा पोळा."

तू हंडा उतरवलास. "पोळा?"

"मग काय. एक दिवस सजवायचं, दुसऱ्या दिवशी परत शेतात."

"पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाय ना?"

"नाय."

"त्याला आंघोळ घालतात, पोळी चारतात. ना?"

"मग?"

"मग उद्या मी बसते. पाणी तापवा आणि पोळ्या करा."

मला वाटलं मस्करी. दुसऱ्या दिवशी तू खरंच चूल पेटवली नायस. पडवीत पाय लांब करून बसलीस, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतीस, "आज माझा पोळा हाय." मी भात केला तो खाली लागला, डाळीत मीठ दोनदा पडलं. आत शेवंता पदर तोंडात कोंबून हसत होती. "दादा, बैल पण खाणार नाय रे हे!" तू मात्र सगळं खाल्लंस. ताट पुसून खाल्लंस. मी टोमणा मारला होता, आणि तू त्याचा सण करून टाकलास. पुढच्या वर्षापासून गावातल्या बाया विचारायला लागल्या, "पोळा कधी हाय गो?" आणि बाप्ये मला शिव्या घालायला लागले.

शेवंता माझी धाकटी बहीण, आता सगळं गाव तिला आत्या म्हणतं. हे लिहून ठेवतो, कारण ही वही पुतण्याच्या बायकोला, दीपालीला द्यायची आहे आणि ती पुढं कुणाकुणाला वाचून दाखवेल. शेवंताचा नवरा टोकावड्याच्या पुढं घाटरस्त्यावर गाडीखाली गेला. तिशी पण झाली नव्हती तिची. ती आपल्याकडे आली आणि आपल्याकडेच राह्यली. मी तिला घरात घेतलं याचा मला मोठा अभिमान होता. तू म्हणायचीस, "घरात घेतलंत. माणसांत घेतलंत का?" मला या बोलण्याचा अर्थ लागत नव्हता. घर काय आणि माणसं काय, एकच की.

पहिली काही वर्षं तुमचा दिवस चांगला होता, हे मी तेव्हा बोललो नाय, आता बोलतो. तुमी हंडे घेऊन तहसीलवर गेलात. आपल्या तालुक्यातली धरणं मुंबईला पाणी पाजतात आणि आपल्या बाया मार्च लागला की टँकरच्या मागं धावतात, हे तू साहेबाच्या तोंडावर बोललीस. कुणीतरी म्हणालं, महिला दिन आहे तर रांगोळी स्पर्धा घ्या. तू म्हणालीस, "रांगोळीला आधी अंगणात पाणी शिंपडावं लागतं. द्या पाणी, काढतो रांगोळी." हे मला दुसऱ्यांनी सांगितलं. मी घरी गुरांना वैरण घालत बसलो होतो. बायको मोर्चात आणि मी गोठ्यात, म्हणून लोक हसतील असं वाटत होतं. मी यायला पायजे होतं गो. लांब उभा राह्यलो असतो तरी चाललं असतं. तुला उन्हात कपाळावर हात धरून बोलताना बघितलं असतं. ते बघायचं राह्यलं.

मग मंडप आला. स्पीकर आला, बॅनर आला. बॅनरवर सात बाप्ये आणि एक बाई, ती पण हात जोडलेली. संगीत खुर्ची आली, पैठणीचा खेळ आला, आणि शेवटी हळदीकुंकू आलं. तू कपाळावर हात मारलास. "मोर्चा होता गो तो. याची जत्रा कुणी केली?" पण बाया खुश होत्या. घरातनं निघायला मिळतंय, नटायला मिळतंय, हे पण तुला कळत होतं, म्हणून तू मोडता घातला नायस. फक्त हळदीकुंकवापाशी तू अडलीस.

कारण शेवंता मागं बसायची. पाण्याच्या पिंपाजवळ. तिच्यासारख्या आणखी चार-पाच. करंडा पुढून फिरत यायचा आणि तिथं वळायचा. चिखल चुकवून पाय टाकावा तसा. कुणी काही बोलायचं नाय. तू म्हणायचीस, पलीकडच्या बौद्धवाडीत कार्यक्रम असला की नवरा गेलेली बाई पुढच्या रांगेत बसते, दिवा पण लावते, आणि आपला महिलांचा दिवस, त्यात अर्ध्या महिला पिंपाजवळ. "हा महिला दिन नाय. हा नवरा-जिवंत दिन हाय."

आणि एका वर्षी तू उठलीस. मागं गेलीस, शेवंताचा हात धरलास आणि तिला ओढत पुढं आणलंस. "पहिलं कुंकू हिला." मी चिंचेखाली बाप्यांत बसलो होतो. मला वाटलं सगळे माझ्याकडे बघतात. मी तरातरा आलो, शेवंताचा दुसरा हात धरला. म्हणालो, "माझ्या बहिणीचा तमाशा करू नको." आणि तिला घरी घेऊन आलो.

घरी आल्यावर तू चप्पल पण काढली नायस.

"रीत हाय ती," मी म्हणालो.

"कुणी केली?"

"मला काय माहीत."

"माहीत नाय तर एवढी घट्ट का धरलीय?" आणि मग म्हणालीस, "उद्या मी मेले तर तुमचं काय पुसतील? टोपी काढून घेतील? बिडी बंद करतील?"

"बाप्याचं काय असतं पुसायला."

"तेच म्हणते मी."

नऊ दिवस तू माझ्याशी बोलली नायस. जे सांगायचं ते शेवंतामार्फत. "शेवंता, तुझ्या भावाला सांग भाकरी झाली." "शेवंता, तुझ्या वयनीला सांग भूक नाय." मी हात धरून ज्या बहिणीला घरी आणलं, तिच्याच तोंडातनं आमी दोघं बोलत होतो, आणि ती बिचारी इकडचं तिकडं पोचवत होती. दहाव्या दिवशी तू विसरलीस आणि मला थेट म्हणालीस, "मांजर हाकला." भांडण तिथं थांबलं. मिटलं नाय. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मी तुला शेवटपर्यंत दिलं नाय.

उत्तर मला तू गेल्यावर मिळालं. माझं काहीच पुसलं नाय. तेराव्याला पाहुण्यांनी टॉवेल-टोपी दिली, उलट वाढलंच. कुणी मला कुठून उठवलं नाय. बाराव्या दिवशी एकजण तर म्हणाला, "तात्या, एकटे कसे राहणार, बघू काहीतरी." माझ्या वयाला! मी त्याला हाकलला. बाईचा नवरा मेला तर तिला हाक मारायला चार शब्द आहेत, एकाहून एक घाण. माझ्यासाठी शोधला तर सापडेना. तलाठ्याकडच्या कागदावर 'विधुर' लिहिलेलं बघितलं, ते पण मला आधी कुणाचं आडनाव वाटलं.

आणि अजून एक झालं, तू गेलीस त्याच दिवशी, ते मी कुणाला बोललो नाय. तुला हिरवी साडी नेसवली. शेवटचे चार महिने तुझं सगळं शेवंताने केलं, तुला माहीत आहे. उचलून बसवायची, पाठ पुसायची, केस विंचरून वेणी घालायची. तू तिला म्हणायचीस, "घट्ट नको गो घालू, पळून नाय चालले." तुझी ओटी भरायची वेळ आली तेव्हा ती पण पुढं झाली. मुठीत तांदूळ होते. कुणीतरी म्हणालं, "शेवंता, तू जरा बाजूला हो गो." ओरडून नाय, मायेनं म्हणालं. ती बाजूला झाली. आत गेली आणि तांदूळ परत डब्यात टाकले. मी दारात उभा होतो. मी बघितलं. एवढंच बोलायचं होतं, 'भरू दे'. माझ्या तोंडातनं निघालं नाय. तू समोर पडलेली, आणि तरी मी पुन्हा चिंचेखालचाच बाप्या.

मग आठ मार्चच्या आधी दीपाली आली. आता तुझ्या जागी बायांच्या गटाची अध्यक्ष आहे. म्हणाली, "तात्या, यंदा काकूंचा फोटो ठेवतोय. हार तुमच्या हातनं, आणि नारळ पण तुमीच फोडा."

मी म्हणालो, "मी? माझी बायको जाऊन दोन महिने नाय झाले. मी नारळ फोडलेला चालतो?"

"बाप्याला काय लागतंय, तात्या?"

तिला कळलं नाय ती काय बोलली. मला कळलं. मी म्हणालो, येतो.

शेवंताला म्हणालो, चल पुढं बस माझ्याबरोबर. ती म्हणाली, "मी माझ्या जागी बरी."

फोटोला हार घातला. फोटो तो आधार कार्डावरचा मोठा केलेला, त्यात तू रागावल्यासारखी दिसतेस. बरं वाटलं. हसरा असता तर मला बघवला नसता. नारळ फोडला. मग करंडा निघाला, पुढची रांग, मधली रांग, आणि पिंपाजवळ येऊन वळला. मी माईकवर गेलो. कधी धरला नव्हता, कुठं बोलायचं ते कळेना. म्हणालो, "जरा थांबा. माझी बायको इथंच एकदा माझ्या बहिणीला कुंकू लावायला निघाली होती. मी आडवा आलो. ती बरोबर होती. माझं चुकलं." एवढंच. तुझ्या तोंडावर बोललो असतो तर किती लहान वाक्य होतं. एका श्वासात झालं असतं.

मला वाटलं आता काम पुरं करावं. मी दीपालीच्या हातनं करंडा घेतला आणि चालत मागं गेलो, शेवंतापाशी. म्हणालो, "घे."

तिने हात मागं घेतले. मग म्हणाली, "दादा, ठेव ते खाली."

"अगं—"

"ठेव म्हटलं ना. तेव्हा एक हात वयनीने धरला, एक हात तू धरलास. मी मधी. आज परत तू करंडा घेऊन आलास. अरे, मला कुणी विचारलं काय, की शेवंता तुला काय पायजे?"

गो, ऐक. तुझं पण नाव घेतलं तिने. आपण दोघं ज्याच्यावरून नऊ दिवस बोललो नाय, त्यात दोघांपैकी कुणीच तिला विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, "मग काय पायजे तुला?"

"कुंकू नको. तेव्हा पायजे होतं, तिशीत. आता काय करू त्याचं?" करंड्याबरोबर फिरणाऱ्या तांदळाच्या सुपाकडे तिने बोट केलं. "मला घ्यायचं नाय काही. मला द्यायचं हाय. इतक्या वर्षांत मी एका बाईची ओटी भरली नाय. वयनीची भरायची होती. हातात तांदूळ घेतले होते मी. ते राह्यलं. ते द्या मला."

स्पीकर नुसता खरखरत होता. तुझ्या फोटोची ओटी कशी भरणार? ती तर भरता येत नाय. सगळ्यांना ते कळत होतं, आणि कुणाकडे बघायचं ते कुणाला कळत नव्हतं.

दीपाली एक पाऊल पुढं आली. तिची सासू, माझी भावजय, तिथंच बसलेली. दीपालीने एकदा सासूकडे बघितलं. सासू म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? मी पदर बांधून ठेवलाय काय तुझा?" मग दीपाली शेवंतापुढं येऊन उभी राह्यली आणि पदर पुढं केला. "भरा आत्या."

शेवंताने सुपातले तांदूळ घेतले. तिला किती वेळा टाकायचे ते आठवेना. सुपातनं ओंजळ भरायची, टाकायची, परत भरायची. "बास का गो?" विचारायची. दीपाली म्हणे, "टाका." पदर जड झाला. तीन-चार बाया उठून निघून गेल्या, ते पण तुला सांगतो, लपवत नाय. त्यातली एक तर तुझ्याच मोर्चातली, हंडा घेऊन पहिल्या रांगेत चालणारी. पण पाच-सहाजणी पुढं आल्या. एक म्हणाली, "पटापट भर गो, मला घरी भाकऱ्या टाकायच्यात." सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "आज कसल्या भाकऱ्या, आज पोळा हाय." मी पिंपाजवळ करंडा धरून उभा. मला कुणी विचारत नव्हतं आणि ते बरं वाटत होतं.

हे सगळं मी तुला का सांगतो? तू त्या दिवशी बरोबर होतीस हे सांगायला बसलो होतो. लिहिता लिहिता कळलं की तू पण पुरती बरोबर नव्हतीस. आणि हे तुला सांगताना तुझं तोंड कसं झालं असतं ते बघायला मी काय पण दिलं असतं. आधी भडकली असतीस. मग गप्प झाली असतीस. मग संध्याकाळी मला ऐकू जाणार नाय अशा बेताने शेवंताला म्हणाली असतीस, "चुकलं गो माझं." ते मी आडून ऐकलं असतं. तुझ्या तोंडून ते शब्द मी फार थोड्या वेळा ऐकले, आणि माझ्या तोंडून तू एकदाही नाय. यात पण मीच मागं.

घरी येताना शेवंता माझ्या पुढं चालत होती. उन्हाने रस्ता तापलेला, तिच्या हाताला अजून तांदळाची पांढरी भुकटी होती, ती पदराला पुसत नव्हती. विहिरीपाशी ती थांबली. मला वाटलं दम लागला.

म्हणाली, "दादा, एक विचारू?"

"विचार."

"वयनीने केला असता का रे पदर पुढं? माझ्यापुढं?"

मी म्हणालो, "म्हणजे काय. तिने तर तुला—"

"तिने मला कुंकू द्यायला पुढं आणलं होतं. ते येगळं. माझ्या हातचं घेतलं असतं का? दर वर्षी नवरात्रात तिची ओटी भरायला बाया यायच्या, मी आत भांडी घासायची. कधी बाहेर येऊन म्हटलं नाय मी, की मी भरू का. भ्यायले. ती नको म्हणाली असती तर मला त्या घरात राहवलं नसतं."

मी म्हणालो, "घेतलं असतं. हसत घेतलं असतं."

ती बरं म्हणाली आणि पुढं चालायला लागली.

गो, मी हे तुझ्या वतीने बोललो. तुला न विचारता. बाकी तुझ्याबद्दल मला सगळं माहीत आहे असं वाटायचं, मिठाचा हात, रागाची वेळ, झोपेतलं बोलणं. पण हे एक माहीत नाय. तू घरात होतीस तेवढी वर्षं कधी विचारायचं सुचलं नाय, आणि आता शेवंता ओटा सारवता सारवता मधीच माझ्याकडे बघते, आणि मी तिला रोज नव्याने सांगतो की हो, घेतलं असतंस तू.